प्लांट आहे ना, मग नदी काळी का?

पुण्यात नदीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, अहो पण एवढे मैलाशुद्धीकरण प्रकल्प आहेत की. आहेतच. भैरोबा, नायडू, बोपोडी, मुंढवा, खराडी, नावं पेपरात वाचून वाचून पाठ झालीयेत, वर जायका या जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या कर्जातनं अजून ११ प्रकल्प, ३९६ एमएलडीचे (म्हणजे रोज ३९ कोटी ६० लाख लिटरचे), त्याचा करारच २०१६ चा. तरी मे महिन्यात मुठेवरच्या भिडे पुलावरनं जाताना नाक दाबावं लागतं ते लागतंच. मग निम्मे लोक म्हणतात सगळे पैसे खाल्ले, निम्मे म्हणतात अजून एक प्लांट बांधा, आणि प्लांट नेमकं करतो काय, त्याला रोज चालायला लागतं काय, हे विचारायचं राहूनच जातं.

पुण्याएवढ्या शहरात हे समजून घ्यायला गेलात तर डोकं गरगरेल. दोन महापालिका, कॅन्टोन्मेंट, शेकडो नाले, पंपिंग स्टेशनं. म्हणून आपण छोटं गाव घेऊ. सासवड, इंदापूर, जुन्नर, दौंड अशी नगरपरिषदेची गावं आहेत ना जिल्ह्यात, तसलं ४० हजार वस्तीचं एक गाव डोळ्यासमोर आणा. गावाचं नाव नको, कारण आकडे मी हिशोबासाठी धरलेत.

माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा सरकारी हिशोब. म्हणजे गावाला रोज ५४ लाख लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के वापरून झालं की परत गटारात येतं असं धरतात, म्हणजे ४३ लाख लिटर, इंजिनिअर लोकांच्या भाषेत ४.३ एमएलडी. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, बास, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आपण ४ धरू.

आता हे ४ एमएलडी जातं कुठं? भुयारी गटार नसलेल्या गावात दोन वाटा असतात. संडासचं पाणी घरामागच्या सेप्टिक टँकमधे, आणि मोरीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी थेट उघड्या गटारात, तिथनं ओढ्यात, ओढ्यातनं नदीत. लोकांना वाटतं सेप्टिक टँक आहे म्हणजे आपला प्रश्न मिटला. नाही मिटत. सेप्टिक टँकमधे घाण फक्त खाली बसते आणि थोडीफार कुजते, वरचं पाणी बाहेर पडताना निम्म्याहून जास्त घाण घेऊनच जातं, ते शोषखड्ड्यात जायला पाहिजे पण जागा नाही म्हणून बऱ्याच घरांचा पाइप गुपचूप गटारालाच जोडलेला असतो. आणि टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो हे किती जणांना माहितीये? आपल्याकडं उलटी पद्धत, जोवर संडासात पाणी तुंबत नाही तोवर झाकण उघडायचं नाही, मग दहा-बारा वर्षांनी एकदम मैल्याचा टँकर बोलवायचा. तो टँकरवाला ते कुठं नेऊन सोडतो हे आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

यावर एक उपाय आपल्या जवळच झालाय. साताऱ्यातलं वाई आणि नाशिकमधलं सिन्नर, या दोन नगरपरिषदांनी ठरवून घरोघरचे टँक पाळीनं उपसायला सुरुवात केली, तक्रार यायची वाट न बघता, आणि त्या मैल्यासाठी वेगळा छोटा प्रकल्प बांधला. भुयारी गटार योजनेला लागणारा पैसा आणि वर्षं बघता लहान गावाला हे खूप आधी जमण्यासारखं आहे, मला तरी हेच पहिलं पाऊल वाटतं. पण मोरीच्या पाण्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही, त्यासाठी शेवटी पाइपलाइन आणि प्लांट लागतोच.

प्लांटकडं जायच्या आधी बीओडी हा एक शब्द समजून घेऊ, कारण पेपरात तो नेहमी येतो आणि अर्थ कोणी सांगत नाही. पाण्यातली घाण म्हणजे जिवाणूंचं खाणं. ते खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. घाण जास्त तर ऑक्सिजन जास्त लागणार, तो किती लागला हा आकडा म्हणजे बीओडी. लॅबमधे पाण्याची बाटली २७ डिग्रीला तीन दिवस ठेवतात आणि आधीचा ऑक्सिजन वजा नंतरचा ऑक्सिजन करतात, एवढंच. बाहेरच्या देशांत २० डिग्रीला पाच दिवस ठेवतात, आपल्याकडं हवा गरम म्हणून ही आपली पद्धत.

गावाच्या कच्च्या मैलापाण्याचा बीओडी लिटरमागे २०० ते २५० मिलिग्रॅम असतो, २४० धरा. आणि चांगल्या, वाहत्या नदीच्या एक लिटर पाण्यात ऑक्सिजन असतो किती, तर आपल्या हवामानात फार तर ८ मिलिग्रॅम. करा भागाकार. एक लिटर मैलापाणी ३० लिटर स्वच्छ नदीचा सगळा ऑक्सिजन खाऊन टाकू शकतं. हवेतनं थोडा ऑक्सिजन परत मिसळत राहतो म्हणून नदी लगेच मरत नाही, पण उन्हाळ्यात धरणातनं पाणी सोडलेलं नसतं तेव्हा ते ३० लिटर आणायचे कुठनं? नदीत वाहत असतं तेच मुळात मैलापाणी.

आणि इथंच तो काळा रंग येतो. ऑक्सिजन संपला की ऑक्सिजनवाले जिवाणू थांबतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू काम हातात घेतात, त्यांना ऑक्सिजन लागत नाही, ते पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि त्यातनं हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, सडक्या अंड्याचा वास तो हाच. हा वायू पाण्यातल्या, गाळातल्या लोखंडाशी मिळाला की काळं लोह सल्फाइड बनतं. म्हणजे नदी काळी दिसते ती कुठल्या काळ्या रंगाच्या कारखान्यामुळे असं दरवेळी नसतं, बऱ्याचदा ती फक्त गुदमरलेली असते. (हाच वायू बंद चेंबरमधे साठतो आणि आत उतरलेला कामगार दोन-चार श्वासात कोसळतो. माणूस उतरवून गटार साफ करून घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी बातम्या येतच राहतात.)

तर प्लांटचं काम काय, जे जिवाणू नदीत बसून नदीचा ऑक्सिजन खाणार होते त्यांना एका टाकीत बसवायचं, तिथं आपण मशीननं हवा द्यायची, आणि खाणं संपवूनच पाणी नदीत सोडायचं. यात केमिकलची जादू काही नाही. लोकांना वाटतं पावडर टाकतात आणि पाणी स्वच्छ होतं, तसं काही नसतं.

पाणी प्लांटवर आलं की पहिल्यांदा जाळ्या लागतात, आधी दोन सेंटिमीटर फटीची, मग सहा मिलिमीटरची. ही जागा एकदा तरी जाऊन बघण्यासारखी आहे, वास सहन होत असेल तर. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे सॅशे, सॅनिटरी पॅड, केसांचे गुंते, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे (हे कोपरे भयंकर, कुठल्याही फटीतनं आरामात निघून जातात आणि पुढं पंपात अडकतात), गणपतीनंतर तर हार आणि दुर्वा सुद्धा. गटार म्हणजे कचऱ्याचा डबा हा आपला समज त्या जाळीवर रोज सकाळी लटकलेला असतो आणि एक माणूस तो दाताळ्यानं ओढून काढत असतो. पुढं वाळू-खडा बसवायची टाकी, आपल्याकडं भांडी घासायला राख-माती वापरायचे तेव्हा तर ही फार भरायची म्हणतात, आता रस्त्यावरची वाळू आणि बांधकामाचा चुरा येतो.

मग मुख्य टाकी. चहासारखं तपकिरी पाणी, खालनं बारीक बुडबुडे, शेजारच्या खोलीत ब्लोअरचा कान बधिर करणारा आवाज. त्या तपकिरी रंगातच सगळं आहे, तो रंग म्हणजे अब्जावधी जिवाणूंचे गोळे. ही युक्ती सापडली १९१४ मधे, मँचेस्टरला, आर्डर्न आणि लॉकेट नावाच्या दोघांना. त्यांनी मैलापाण्यात हवा सोडली तर ते साफ व्हायला कित्येक आठवडे लागले. मग त्यांनी वरचं साफ पाणी काढून टाकलं पण खाली बसलेला गाळ फेकला नाही, त्याच गाळावर नवीन मैलापाणी ओतलं, परत हवा, परत वरचं पाणी काढलं, आणि दरवेळी वेळ कमी कमी लागत गेला, शेवटी काही आठवड्यांचं काम तासांवर आलं. कारण गाळ म्हणजेच जिवाणू, आणि दरवेळी ते जास्त संख्येनं कामाला हजर. आज आपल्याकडं नवीन प्लांट बहुतेक एसबीआर पद्धतीचे असतात, म्हणजे तेच, एकाच टाकीत पाणी भर, हवा दे, हवा बंद करून गाळ बसू दे, वरचं पाणी काढ, तीन-चार तासांचं एक चक्र, दिवसभर चालू.

म्हणून मी म्हणतो प्लांट म्हणजे मशीन समजू नका, गोठा समजा. गोठ्यात जनावरं असतात, त्यांना रोज वैरण लागते, मोकळी हवा लागते आणि रोज शेण काढावं लागतं, यातलं एक जरी थांबलं तर गोठा कितीही भारी बांधलेला असो, जनावर टिकत नाही. उद्घाटनाला आपण फक्त गोठ्याची इमारत बघतो.

जनावरं नीट आहेत का हे बघायला लॅब सुद्धा लागत नाही. ऑपरेटर टाकीतलं तपकिरी पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरतो आणि अर्धा तास ठेवून देतो. पहिले दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, मग एकदम पिठासारखे गोळे जमायला लागतात, एकमेकाला चिकटून खाली सरकतात, वर नितळ पाण्याची एक रेघ दिसते आणि ती रेघ खाली खाली उतरत जाते. अर्ध्या तासानं गाळ ३०० मिलीच्या आसपास बसला आणि वरच्या पाण्यातनं पलीकडचा पेपर वाचता आला तर समजायचं बरं चाललंय. गाळ बसतच नाही, कापसासारखा तरंगतोय, तर खाणं-हवा यांचं गणित बिघडलंय. गाळ काळा पडून बुडबुड्यांसकट वर येतोय, तर हवा कमी पडली. मुरलेला ऑपरेटर वासावरनं सांगतो, चांगल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो, घाणेरडा नाही.

यानंतर क्लोरीन, रोगजंतू मारायला, साधारण अर्धा तास पाण्याशी संपर्क राहील अशा टाकीत, आणि पाणी बाहेर. २०१७ च्या केंद्राच्या नियमात मोठी महानगरं सोडून बाकीच्यांना बीओडी ३० पर्यंत चालत होता, २०१९ ला हरित लवादानं १० सांगितला, त्यामुळे नवीन टेंडरात १० च लिहिलेलं दिसतं. २४० वरनं १० वर, हे खरंच होतं, नीट चालवला तर.

पण एक गोष्ट साध्या प्लांटमधनं सुटून जाते. लघवीतल्या युरियातनं आलेला नत्र आणि डिटर्जंट व मैल्यातला फॉस्फरस. पाणी नितळ दिसतं पण ते खतपाणीच असतं, आणि जलपर्णीला अजून काय हवं? मुळा-मुठेवर दरवर्षी हिरवा गालिचा पसरतो, तो काढायला दरवर्षी टेंडर निघतं, जलपर्णी काढतात, खत तसंच वाहत राहतं, परत उगवते. नत्र काढायला टाकीत हवा दिलेला आणि हवा बंद केलेला असे दोन्ही टप्पे लागतात, म्हणजे अमोनियाचा नायट्रेट आणि नायट्रेटचा साधा नायट्रोजन होऊन हवेत उडून जातो, एसबीआरमधे हे बसवता येतं पण चक्र नीट लावणारा माणूस पाहिजे. आणि हे पाणी जातं कुठं, मुळा-मुठा भीमेला मिळते, तिकडनं इंद्रायणी लोणावळा, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेतच येते, आणि भीमा पुढं उजनीत. सोलापूर शहर पिण्याचं पाणी उजनीवरनं घेतं. आपण फ्लश दाबतो तेव्हा सोलापूरकर वाट बघत असतात, चेष्टा नाही.

बरं, मग प्लांट असून बिघडतं कुठं? माझ्या बघण्यात मधल्या मशीनमधे फार क्वचित. बिघडतं दोन्ही टोकांना.

पहिलं टोक म्हणजे पाणी प्लांटपर्यंत पोचतच नाही. प्लांट गावाच्या सगळ्यात सखल जागी, नदीकाठी बांधतात कारण गटार उतारानं वाहतं, पण गावात भुयारी गटाराच्या लाइन टाकून झाल्या तरी घरातला पाइप त्या लाइनला जोडायचा खर्च घरमालकाचा, आणि तो म्हणतो माझं चाललंय की व्यवस्थित गटारात, कशाला फरशी फोडू. चारातलं एकच घर जोडलं गेलं तर ४ एमएलडीच्या टाकीत १ एमएलडी येणार. वैरणच नाही. मग जिवाणू उपाशी, गाळ तयार होत नाही, आणि कागदावर क्षमता ४ एमएलडी. पेपरात आपण "अमुक एमएलडीचा प्रकल्प" वाचतो तो टाकीचा आकार असतो, साफ झालेलं पाणी नव्हे. काही ठिकाणी घरं जोडण्याऐवजी सरळ नालाच अडवून प्लांटकडं वळवतात, ते उन्हाळ्यात झकास चालतं, पण जूनमधे पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच नाल्याला कित्येक पट पाणी येतं आणि सगळं बायपास करून नदीत सोडण्याशिवाय पर्याय राहत नाही, नाहीतर टाकीतले जिवाणू सुद्धा धुपून जातील.

मधलं मशीन बिघडत नसलं तरी बंद ठेवलं जातं, कारण वीज. निम्म्याहून जास्त वीज हवा द्यायला जाते. ४ एमएलडीला रोज साधारण ८०० ते १२०० युनिट धरा, ८ रुपये दरानं महिन्याला दोन ते तीन लाख. प्लांट बांधायला केंद्र-राज्याचा निधी मिळतो, बिल मात्र नगरपरिषदेनं भरायचं, आणि मैलापाण्यासाठी वेगळा कर लावायचा म्हटलं की नगरसेवक हातच जोडतात. मग काय होतं, रात्री ब्लोअर बंद. कोणाला दिसत नाही. चार-सहा तास हवा बंद राहिली की टाकीतला ऑक्सिजन शून्य, आणि हे आठवडाभर झालं तर टाकीत नदीचंच छोटं मॉडेल तयार, काळं आणि वासाचं. परत चांगले जिवाणू वाढवायला कित्येक दिवस जातात. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांतही हाच खेळ चालतो, २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण परवानगी लागते आणि त्यात स्वतःचा एसटीपी, म्हणजे असाच छोटा प्लांट, आलाच, पण मेंटेनन्सच्या मीटिंगमधे सगळ्यात आधी कात्री कुठं लागते हे मीटिंगला बसलेल्या कोणालाही विचारा.

आणि दुसऱ्या टोकाला गाळ. याबद्दल कोणीच बोलत नाही. जिवाणू खातात म्हणजे वाढतात, वाढले की जास्तीचे काढावे लागतात. आपल्या ४ एमएलडीच्या प्लांटमधे रोज ९०० किलोच्या आसपास बीओडी निघतो, त्यातनं कोरडा धरला तर ५०० किलोच्या पुढं गाळ तयार होतो, आणि पाणी पिळून काढल्यावरही त्यात चार-पंचमांश पाणीच असतं, म्हणजे रोजचा अडीच टन ओला गाळ. रोज. एका छोट्या टेम्पोभर. तो वाळवायला जागा पाहिजे किंवा पिळायचं मशीन पाहिजे, न्यायला गाडी पाहिजे, नीट प्रक्रिया केली तर शेतकरी खत म्हणून घेतात नाहीतर कुठं टाकायचा हा प्रश्न. काढलाच नाही तर टाकी गाळानं भरते आणि एक दिवस तो वरच्या पाण्याबरोबर नदीत जातो, म्हणजे एवढी वीज जाळून आपण घाण फक्त थोडी उशिरा सोडली.

साफ झालेल्या पाण्याला गिऱ्हाईक असतं हेही खरं, पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधनं (नदीकाठची पंपाची विहीर) नदीचं पाणी उचलून शेतीसाठी जुन्या कालव्यात, बेबी कॅनॉलला सोडतातच, लहान गावात वीटभट्टी, रस्त्याची कामं, आसपासची ऊसवाली शेती घेऊ शकते आणि त्यातनं बिलाचा थोडा भार हलका होतो. पण पाणी खरंच साफ झालंय का हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? रिपोर्ट दाखवतील, रिपोर्टवर बीओडी ८ लिहिलेला असेल.

मला विचाराल तर तुमच्या नगरपरिषदेच्या प्लांटवर कधी गेलात तर रिपोर्ट नंतर मागा, आधी तीन कागद मागा: विजेची गेल्या बारा महिन्यांची बिलं, किती घरं लाइनला जोडलीयेत त्याचा आकडा, आणि गाळ किती निघाला व कुठं गेला याचं रजिस्टर. बीओडीचा आकडा एका चांगल्या दिवशीच्या एका बाटलीचा असू शकतो, पण वीज आणि गाळ रोजचे असतात, ते खोटं बोलायला अवघड. "आमचा प्लांट एकदम चांगला चालतो, गाळ तर निघतच नाही" असं कोणी अभिमानानं सांगितलं तर समजा त्या टाकीत काहीच साफ झालेलं नाही, नाहीतर निघालेला गाळ रात्री नदीत गेलाय.